ऑफिसात इंग्रजी चालते, पत्रपेटीत नाही

जर्मन येत नसताना जर्मनीत नोकरी करता येते. सॉफ्टवेअर, संशोधन संस्था, मोठ्या कंपन्यांचे विकास विभाग, बर्लिन-म्युनिकचे स्टार्टअप अशा ठिकाणी निव्वळ इंग्रजीवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं पैशाला पासरी सापडतील. ब्लू कार्डाला, म्हणजे युरोपीय संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांच्या काम-वास्तव्य परवान्याला, भाषेची अटच नाही. लागते ती पदवी, तिच्याशी जुळणारी नोकरी आणि ठरावीक पगार. २०२६ साठी हा पगार वर्षाला किमान ५०,७०० युरो आहे. आयटी, अभियांत्रिकी यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना आणि नुकतीच पदवी मिळालेल्यांना ४५,९३४.२० युरो पुरतात. आयटीत पदवी नसली तरी तीन वर्षांचा अनुभव दाखवून काम होतं. ब्लू कार्डवाल्याच्या नवऱ्या-बायकोला व्हिसासाठी जर्मनची ए१ परीक्षाही द्यावी लागत नाही. (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या असतात.)

नर्स आणि डॉक्टरांचं गणित वेगळं. नर्सला साधारणपणे बी२, डॉक्टरला सी१ पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा. त्याशिवाय कामाचा परवानाच नाही. पुढचं सगळं इंग्रजीवर मिळालेल्या नोकरीबद्दल आहे.

अशा नोकरीत ऑफिसात फारसं अडत नाही. अडतं कागदावर आणि फोनवर. समोरासमोर बोलताना हातवारे, मोबाइल, समोरच्याचं मोडकंतोडकं इंग्रजी यातून निभावून जातं. कागदाला मात्र मुदत असते आणि ती पत्र समजलं की नाही हे न विचारता सुरू होते. म्हणून पहिल्या वर्षात जी काही शक्ती भाषेवर खर्च करायची, ती आधी इथे करावी असं माझं ठाम मत आहे. बिअर मागवण्याची वाक्यं नंतरही शिकता येतात.

सहीच्या आधी

‘कामाची भाषा इंग्रजी’ असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. मुलाखतीत त्याची फोड करून घ्यावी. टीममध्ये जर्मन न येणारे आणखी किती आहेत? तिकिटं (कामांच्या ऑनलाइन नोंदी) आणि डॉक्युमेंटेशन कोणत्या भाषेत आहे? ग्राहकाशी कोण बोलतं, आणि ग्राहकाकडून येणारी मागणीपत्रकं कोणत्या भाषेत येतात? वाहन उद्योगाच्या पुरवठादार कंपन्यांत टीम छान इंग्रजी बोलते, पण ग्राहकाची दोनशे पानी मागणी जर्मनमध्ये येते, असं बऱ्याचदा घडतं. यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. टीममध्ये जर्मन न येणारे तुम्ही एकटेच असाल, तर सगळे केवळ तुमच्यासाठी इंग्रजी बोलणार. ते पहिले काही आठवडे टिकतं. घाईच्या दिवसांत मंडळी आपसूक जर्मनवर येतात, आणि त्यात त्यांचा दुष्टपणा नसतो.

करार बहुधा दोन रकान्यांत येतो: डावीकडे जर्मन, उजवीकडे इंग्रजी, आणि शेवटी एक ओळ की वाद झाल्यास जर्मन मजकूर ग्राह्य. नुसता जर्मन करार दिला तरी तो बंधनकारक असतो. २०१४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने एका पोर्तुगीज ट्रकचालकाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. बोलणी पोर्तुगीजमध्ये झाली होती, करार जर्मनमध्ये होता, भाषा येत नसताना त्याने सही केली होती. तरी करारातलं ‘आउसश्लुसफ्रिस्ट’चं कलम त्याला लागू झालं. हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं: थकलेला पगार, ओव्हरटाइम, बोनस यांची मागणी ठरावीक काळात, बहुधा तीन महिन्यांत, लेखी केली नाही तर हक्क संपतो. इंग्रजी रकाना वाचताना हे कलम, प्रोबेशनचा काळ, नोटिशीचा काळ, ओव्हरटाइम ‘पगारात धरलेला’ आहे का, आणि कामाचं ठिकाण बदलण्याचा अधिकार, एवढ्या पाच गोष्टी शोधून काढा. शंका आली तर कामगार कायद्याच्या वकिलाकडे जावं. फीबद्दल वेगळं काही ठरलं नसेल तर सामान्य ग्राहकाला पहिल्या सल्ल्यासाठी जास्तीत जास्त १९० युरो अधिक कर लावता येतो. युरोपीय संघाबाहेरून आलेल्यांसाठी ‘फेअर इंटिग्रेशन’ नावाची सल्ला केंद्रं प्रत्येक राज्यात आहेत आणि ती फुकट आहेत. इंग्रजीतही बोलता येतं.

कराराच्या भाषेचा नियम देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये लेखी करार फ्रेंचमध्ये असावा लागतो, पण परदेशी कर्मचाऱ्याने मागितलं तर मालकाने त्याच्या भाषेतलं भाषांतर दिलं पाहिजे आणि दोन्हींत फरक निघाला तर कर्मचाऱ्याविरुद्ध फक्त त्याच्या भाषेतला मजकूर वापरता येतो. बेल्जियममध्ये नोकरीची कागदपत्रं प्रदेशाच्या भाषेत करावी लागतात, म्हणजे फ्लांडर्समध्ये डच आणि वालोनियात फ्रेंच. नेदरलँड्समध्ये दुकानापासून डॉक्टरपर्यंत इंग्रजी चालतं आणि त्यामुळेच तिथली माणसं गाफील राहतात. कर खात्याचा निळा लिफाफा तिथेही डचमध्येच येतो.

पहिला महिना

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. यालाच आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाची सही असलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा एक पानी दाखला लागतो. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. पहिल्या दिवसांतलं घर घेतानाच ‘आनमेल्डुंग होईल का’ हे लेखी विचारून घ्या. नाही म्हणणारं घर कितीही स्वस्त असलं तरी महागात पडतं, कारण कर क्रमांकापासून पुढचं सगळं या नोंदीवर अडकलेलं असतं. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. वेबसाइटवर सकाळी ऑफिस उघडण्याच्या सुमाराला रद्द झालेल्या वेळा दिसतात.

फॉर्मवर दोन रकाने जपून भरायचे. पहिला धर्माचा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचं नाव लिहिलंत तर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर पगारातून कापला जातो. ज्यांचा संबंध नाही त्यांनी ‘काइने’, म्हणजे काही नाही, असं लिहावं. दुसरा रकाना नावाचा. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या जागी बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कार्यालय ते जसंच्या तसं ‘फोरनामे’ (पहिलं नाव) म्हणून उचलतं. मग बँकेत फक्त स्वतःचं नाव, विमा कंपनीत दोन्ही, ऑफिसात तिसरंच, असं झालं की महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करत बसावं लागतं. सगळीकडे पासपोर्टाप्रमाणे पूर्ण नाव लिहायचं, विचित्र दिसलं तरी.

नोंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. तो एचआरकडे पोचला नाही तर पगारावर सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला जाऊ शकतो. पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्याच महिन्यात घराची अनामत भरायची असते. अनामत हीटिंग-पाण्यासारखे खर्च वगळून उरणाऱ्या मासिक भाड्याच्या तीनपटीपर्यंत घेता येते आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाहीत. मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले एचआरला लगेच द्या. नाहीतर काळजी विम्यात (म्हातारपण-आजारपणातल्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा) निपुत्रिकांसाठीचा ०.६ टक्का जादा हप्ता कापला जातो. दाखल्यांचं भाषांतर जर्मनीत शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं. न्याय खात्याच्या अधिकृत यादीत भाषेप्रमाणे नावं शोधता येतात. मराठीचे भाषांतरकार फार थोडे, म्हणून दाखला मराठी-इंग्रजी असा द्विभाषी असेल तर इंग्रजीवरून काम झटपट होतं.

आणि पत्रपेटीवर नाव. हे इतकं साधं आहे की राहून जातं. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं आणि कर क्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन ही सगळी मंडळी घिरट्या घालत राहतात. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर त्या पेटीवर तुमच्या आडनावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटवा.

पत्र कसं वाचायचं

लिफाफ्यापासून सुरुवात. पिवळा लिफाफा असेल तर तो फाडून टाकू नका. अधिकृत बजावणी या रंगाच्या लिफाफ्यातून होते आणि पोस्टमन त्यावर स्वतःच्या हाताने तारीख लिहितो. पेटीत टाकलं की बजावणी झाली. तुम्ही घरी नव्हता, सुटीवर भारतात होता, याने फरक पडत नाही. मुदत त्या तारखेपासून मोजतात, आतल्या पत्रावरच्या तारखेपासून नाही. वाहतुकीच्या दंडाच्या आदेशाला हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात, न्यायालयाच्या वसुली आदेशाला (माआनबेशाइड) विरोध करायलाही दोनच. लांब सुटीवर जाताना शेजाऱ्याला किंवा मित्राला पेटीची किल्ली देऊन दर आठवड्याला लिफाफ्यांचे फोटो मागवावेत. मुदत हुकलीच तर पुराव्यानिशी ती पुन्हा मागता येते, पण त्यासाठीही थोडेच दिवस असतात.

साध्या लिफाफ्यातल्या सरकारी आदेशाचा हिशेब निराळा. १ जानेवारी २०२५ पासून तो पोस्टात पडल्यानंतर चौथ्या दिवशी मिळाला असं धरलं जातं. आधी हे तीन दिवस होते. कर आकारणीच्या आदेशाला हरकत घ्यायला त्यापुढे एक महिना.

आत काय बघायचं? आधी संदर्भ क्रमांक: ‘आक्टेनत्साइखन’ किंवा ‘गेशेफ्ट्सत्साइखन’. पुढच्या प्रत्येक ईमेलच्या विषयात हा क्रमांक, पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहिली की निम्मं काम झालं. मग जाड अक्षरातली तारीख. मग ‘फ्रिस्ट’ (मुदत), ‘माआनुंग’ (थकबाकीची आठवण), ‘बेशाइड’ (निर्णय), ‘विडरश्प्रुख’ आणि ‘आइनश्प्रुख’ (दोन्ही हरकतीचे प्रकार) हे शब्द आहेत का ते. निर्णय असेल तर शेवटच्या पानावर किंवा मागच्या बाजूला एक परिच्छेद असतो, त्यात हरकत कुठे, कशी आणि किती दिवसांत घ्यायची ते लिहिलेलं असतं. पत्र पाठपोट छापलेलं असतं आणि लोक फक्त पुढच्या बाजूचा फोटो काढून भाषांतर करतात, त्यामुळे नेमका हाच परिच्छेद सुटतो.

डीपएल किंवा गूगलचं भाषांतर आता चांगलं येतं. चुकतं ते फोटो काढण्यात. जर्मन वाक्यात क्रियापदाचा एक तुकडा अगदी शेवटी जातो. ‘तुमचा अर्ज आम्ही फेटाळत आहोत’ या वाक्यातलं फेटाळणं त्या शेवटच्या तुकड्यावर अवलंबून असू शकतं आणि तो तुकडा दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीत असतो. पानं एकेकटी न देता सगळा मजकूर सलग करून भाषांतराला द्या. आकड्यांतही घोटाळा होतो: १.२५०,०० म्हणजे साडेबाराशे, सव्वा नव्हे.

हरकत घ्यायची आहे पण कारण नीट मांडायला वेळ हवा, अशा वेळी एका ओळीचं पत्र पुरतं: ‘हिअरमिट लेगे इख गेगेन डेन बेशाइड फोम (तारीख) आइनश्प्रुख आइन. बेग्र्युन्डुंग फोल्ग्ट.’ म्हणजे हरकत नोंदवतो, कारणं मागाहून. कर खात्याला ‘आइनश्प्रुख’, बाकीच्या बहुतेक कार्यालयांना ‘विडरश्प्रुख’. परिच्छेदात जो शब्द असेल तोच वापरायचा. बाकी कार्यालयांना साधा ईमेल बहुधा पुरत नाही, सही केलेला कागद लागतो. तो पोस्टाच्या नोंदणीकृत सेवेने, थेट पेटीत टाकला जाईल असा पाठवा आणि पावती जपा.

आनमेल्डुंगनंतर येणाऱ्या पत्रांपैकी एक रेडिओ-टीव्ही शुल्काचं असतं. ते जाहिरातीसारखं दिसतं म्हणून कचऱ्यात जातं. टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिना १८.३६ युरो द्यावेच लागतात. घरातला दुसरा कुणी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून सुटका होते. न कळवता गप्प बसलं तर आपोआप नोंद होते आणि उशिराचा दंड लागतो.

काढून टाकल्याचं पत्र

हे पत्र सर्वांत कमी जणांना येतं पण इथे भाषा सर्वांत महाग पडते. नोकरीवरून काढल्याची नोटीस कागदावर, शाईच्या सहीची लागते. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप किंवा तोंडी नोटीस कायद्याने निरर्थक आहे. प्रोबेशनच्या सहा महिन्यांत नोटिशीचा काळ दोन आठवडे. नोटिशीविरुद्ध कामगार न्यायालयात जायला हातात पडल्यापासून तीन आठवडे मिळतात आणि पत्र कळलं नव्हतं हे कारण चालत नाही.

बहुतेकदा एचआर एका खोलीत बोलावून दोनपैकी एक कागद पुढे करतं. पोच म्हणून सही मागितली तर हरकत नाही. पण मथळा ‘आउफहेबुंग्सफरट्राग’ असेल तर ती नोटीस नाही, परस्परसंमतीने नोकरी सोडण्याचा करार आहे. त्यावर सही केली की न्यायालयाचा मार्ग जवळपास बंद होतो आणि बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. कितीही गोड बोलले तरी कागद घरी न्यायचा. ‘इख म्योख्टे दास प्र्यूफेन लासेन’, मला हे तपासून घ्यायचं आहे, एवढं एक वाक्य पाठ असू द्या.

नोटीस मिळाल्यावर रोजगार कार्यालयाला तीन दिवसांत ऑनलाइन किंवा फोनवर कळवायचं, नाहीतर भत्त्याचा एक आठवडा जातो. व्हिसा कार्यालयाला नोकरी संपल्याचं दोन आठवड्यांत कळवायचं. भत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत बारा महिने हप्ते भरलेले हवेत. न्यायालयात पहिल्या टप्प्यावर वकील सक्तीचा नाही. तिथल्या अर्ज नोंदणी कक्षात जाऊन तक्रार लिहून घेतली जाते. भाषा मात्र जर्मनच, तेव्हा बोलणारं कुणीतरी सोबत न्या.

फोन

फोनवर ओठ दिसत नाहीत आणि समोरचा घाईत असतो. म्हणून ऑनलाइन जे होईल ते ऑनलाइनच करावं. डॉक्टोलिब या डॉक्टरची वेळ ठरवण्याच्या साइटवर डॉक्टरच्या भाषेचा फिल्टर आहे. विमा कंपन्यांपैकी बऱ्याच जणी इंग्रजीत मदत देतात. उरलेल्या फोनांची मात्र तयारी करून बसावं.

दवाखान्याचा फोन साधारण ठरलेल्या मार्गाने जातो. आधी दवाखान्याचं नाव आणि ‘गुटेन टाग’. तुम्ही ‘इख ब्राउखे आइनेन टर्मीन’, मला अपॉइंटमेंट हवी आहे, असं म्हणता. मग प्रश्न येतात: आधी आमच्याकडे आला होतात का, विमा सरकारी की खासगी (गेझेट्सलिख ओडर प्रिवाट), काय त्रास होतोय, जन्मतारीख. ही उत्तरं कागदावर लिहून समोर ठेवली की प्रश्नाचा एखादा शब्द ओळखला तरी पुरतं. वेळ सांगितल्यावर ती उलट उच्चारून घ्या. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात. ‘आख्ट’ तेवढं ऐकून आठ वाजता पोचणारे दर आठवड्याला कुणीतरी असतात.

सगळ्यात जास्त घोळ नावाची अक्षरं सांगताना होतो. आपण इंग्रजी पद्धतीने ‘ए’ म्हटलं की जर्मन कानाला ते ‘ई’ हे अक्षर, म्हणजे इंग्रजीतलं पाचवं अक्षर वाटतं. आपण ‘ई’ म्हटलं की त्यांना नववं अक्षर ऐकू येतं. देशमुख सांगताना दुसरं अक्षर हमखास चुकतं आणि मग ईमेल पोचत नाही, अपॉइंटमेंट सापडत नाही. त्यांच्याकडे पहिलं अक्षर ‘आ’, पाचवं ‘ए’, नववं ‘ई’, दहावं ‘योट’, बाविसावं ‘फाउ’, तेविसावं ‘वे’, शेवटचं ‘त्सेट’. सोबत नावं सांगायची: आंटोन, बेर्टा, एमिल. २०२२ पासून अधिकृत यादीत शहरांची नावं आली आहेत, तरी फोनवर लोक अजून आंटोनच म्हणतात. स्वतःचं नाव, ईमेल आणि रस्ता एवढ्यांची अक्षरं अशी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पहिल्या महिन्यात याइतकं उपयोगी पाठांतर दुसरं नाही.

दवाखाना बंद असताना जिवावरचं दुखणं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२. हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो. पत्ता आधी सांगायचा.

आजारी असल्याचं कामाची वेळ सुरू होण्याआधी ऑफिसला कळवायचं. आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तर डॉक्टरचा दाखला लागतो. करारात पहिल्याच दिवसापासून मागितला असेल तर तसा. २०२३ पासून सरकारी विमा असलेल्यांचा दाखला ऑफिस विमा कंपनीकडून थेट घेतं, पण कळवण्याची जबाबदारी तुमचीच.

ऑफिसात

मीटिंग मध्येच जर्मनवर घसरली तर दर वेळी ‘इंग्लिश प्लीज’ म्हणणं जिवावर येतं. त्यापेक्षा मीटिंगच्या नोंदी लिहिण्याचं काम मागून घ्यावं. नोंदी इंग्रजीत तुम्ही लिहिणार म्हटल्यावर निर्णय तुम्हाला समजावून सांगणं इतरांनाच भाग पडतं आणि चुकलेलं दुरुस्तही होतं. मायक्रोसॉफ्ट टीम्समधली सबटायटल्स मदतीला येतात, फक्त सेटिंगमध्ये ‘बोलली जाणारी भाषा’ जर्मन करावी लागते. ती इंग्रजीवर राहिली तर जर्मन बोलण्याचं इंग्रजी शब्दांत भलतंच कडबोळं उमटतं. रेकॉर्डिंग मात्र परवानगीशिवाय कधीही नाही. खासगी संभाषण गुपचूप रेकॉर्ड करणं जर्मनीत फौजदारी गुन्हा आहे. तसंच कंपनीची कागदपत्रं फुकटच्या ऑनलाइन भाषांतरात टाकू नका. बऱ्याच कंपन्यांकडे स्वतःचं परवानाधारक साधन असतं, आयटीला विचारा.

सुरक्षेच्या सूचनांचं प्रशिक्षण कळेल अशा पद्धतीने देणं ही मालकाची जबाबदारी आहे. यंत्रं आणि घातक रसायनांच्या बाबतीत तर नियमांत ‘समजेल अशा भाषेत’ असंच आहे. शेवटी हजेरीपटावर सही घेतात, तिचा अर्थ ‘मला समजलं’ असा होतो. समजलं नसेल तर सही करण्याआधी इंग्रजी प्रत मागा. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात हा भिडेचा विषय नाही.

मदत करणारा सहकारी मिळाला की त्याच्याकडून प्रत्येक पत्र वाचून घेण्याचा मोह होतो. तो काही महिन्यांत टाळू लागतो. त्याला राखून ठेवावं ते फोनसाठी. कागद भाषांतराने निभतात.

दुपारच्या जेवणाच्या टेबलावर आठ जण बसले की भाषा जर्मनच होणार. तिथे हिरमुसण्यापेक्षा एकेकट्याबरोबर कॉफीला जावं.

शिकायचं किती

मराठी माणसाला जर्मनमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात. आकडे आपल्यासारखेच एकक आधी, दशक नंतर: एकवीस, बावीस याच चालीने. उपवाक्यात क्रियापद शेवटी येतं, तेही ओळखीचं. तू आणि तुम्ही हा भेद आहे, आणि तो कुठे पाळायचा याची जाण आपल्याला उपजत असते. तीन लिंगंही नवी नाहीत, जरी कोणत्या वस्तूला कोणतं हे पाठच करावं लागतं. इंग्रजीमार्फत शिकवणाऱ्या पुस्तकात या सगळ्याचा बाऊ केलेला असतो. तो मनावर घेऊ नये.

गावोगावच्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात, संध्याकाळचे वर्ग असतात. आधी पातळी तपासतात. सरकारी इंटिग्रेशन कोर्स बी१ पर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० तासिका धरतो. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तासिका केल्या तर सुट्या धरून दोन वर्षांहून जास्त लागतात. म्हणून ‘स्थिरस्थावर झाल्यावर बघू’ हे परवडत नाही. ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते झाले की ए१ वर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. बी१ असेल तर २१ महिन्यांतच. बी१ नागरिकत्वालाही लागतं. प्रमाणपत्र ग्योटे, टेल्क किंवा ओएसडी या परीक्षा संस्थांचं असावं. मोबाइल अ‍ॅपचं चालत नाही. मोठ्या शहरांत परीक्षेच्या जागा आधीच भरतात आणि निकाल यायलाही काही आठवडे जातात. तेव्हा एकविसाव्या महिन्यात अर्ज करायचा असेल तर परीक्षा सोळाव्या-सतराव्या महिन्यात धरा. अर्जासोबत पेन्शन विम्याचा ‘फरझिखरुंग्सफरलाउफ’, म्हणजे हप्ते भरलेल्या महिन्यांचा तक्ता, लागतो. तो ऑनलाइन मागवला तरी पोस्टानेही येतो. त्यातले महिने एकदा स्वतः मोजून बघा, मधला एखादा गहाळ असेल तर पगारपत्रकं दाखवून तो भरून घेता येतो.